वरच्या मजल्यावरच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

परवा जिन्यात भेटलात तेव्हा मी आभार मानायला लागले, तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही वर निघूनही गेलात. माझं काही समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर, कारण आमच्यासारखाच व्हिडिओ अडकत चालणारा जुना कॉम्प्युटर आणखी कितीतरी घरांत असेल.

चिरंजीव चार वर्षं तबला शिकतोय. गुरुजी लेकीकडे बंगळुरूला राहायला गेले तेव्हापासून शिकवणी व्हिडिओवर आली. ते फोनवर धडा रेकॉर्ड करून पाठवतात, हा कॉम्प्युटरवर लावून समोर बसतो. आवाज अगदी स्वच्छ यायचा, चित्र मात्र धक्के खात चालायचं. 'धा' ऐकू आलेला असायचा आणि पडद्यावर गुरुजींचा हात अजून हवेतच. दिल्लीच्या बाजात, म्हणजे तिथल्या वाजवण्याच्या शैलीत, तर सगळी करामत दोन बोटांची. 'धा धा तिट धा धा तूना' या कायद्यातला (कायदा म्हणजे तबल्यातली ठरलेल्या बोलांची रचना) 'तिट' कुठल्या बोटानं सुरू होतो, नेमकं तेच चित्र गायब. पोरगं मागे घेऊन, पुन्हा लावून, शेवटी डोळे मिटून नुसतं ऐकायला लागलं. बोटं चुकीची बसली. गुरुजींच्या ते लक्षात आलं तेव्हा तो रडला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

तोवर माझे पैसे खर्च होऊन बसले होते. नेट कमी पडतंय म्हणाले, मी जास्त वेगाचा प्लॅन घेतला. एका दुकानात रॅम वाढवायला सांगितली, ४ जीबीची ८ केली. फरक शून्य. मग "आता नवीनच घ्या" हे ऐकून परत आले. पस्तीस-चाळीस हजार कुठून आणायचे?

तुम्ही आलात आणि काहीही उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारलात : "नेटची वायर काढून, डिस्कवर उतरवलेला व्हिडिओ लावला तरी अडकतो का?" लावला. तसाच अडकला. म्हणजे नेटचा संबंधच नव्हता. हा प्रश्न त्याआधी मला कुणीही विचारला नव्हता, काका.

मग कॉम्प्युटरवर कशाचा किती भार आहे ते सांगणारा टास्क मॅनेजर उघडून तुम्ही दाखवलंत : व्हिडिओ सुरू झाला की प्रोसेसर १०० टक्क्यांवर, आणि रॅम निम्मी रिकामी. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे दाबून कोडेकची, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीनं बांधलाय ते सांगणारी, खिडकी उघडलीत. तिथे लिहिलं होतं एचईव्हीसी, आकार ३८४० बाय २१६०. आणि माझ्यासारखीलाही कळेल असं समजावलंत. व्हिडिओ दाबून बांधलेला असतो, तो दाखवताना उलगडावा लागतो. त्यासाठी चिपमध्ये वेगळी सोय असते, पण ती ठराविक पद्धतीच ओळखते. आमचा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, २०११ सालचा. त्याला २००३ साली आलेली एच.२६४ पद्धत येते. एचईव्हीसी आली २०१३ साली, ती त्याच्या चिपमध्ये असणार कुठून? मग सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. आवाज उलगडायला हलका, तो वेळेवर येतो. चित्रं मागे पडली की प्लेअर त्यातली काही सोडून देतो आणि आवाजाला गाठतो. म्हणून गुरुजींचा हात हवेत राहायचा! ते ऐकताना माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मशीन बिघडलेलं नव्हतं, पोराचंही काही चुकत नव्हतं.

तुम्ही कॅबिनेट उघडून ब्रशनं पंख्यातली धूळ काढलीत, चार वर्षांचा नुसता फेल्ट बसला होता तिथे. "हे मूळ कारण नाही, पण चिप तापली की स्वतःच वेग कमी करते," म्हणालात. मग सगळे धडे पेनड्राइव्हवर घेऊन वर गेलात, आणि तुमच्या लॅपटॉपवर हँडब्रेक या फुकट प्रोग्रॅमनं रात्रभरात ते एच.२६४ मध्ये, १०८० च्या, म्हणजे आधीपेक्षा लहान, आकारात करून सकाळी दुधाच्या वेळेला आणून दिलेत. बेचाळीस धडे होते. त्या रात्री दीडलाही तुमच्याकडचा दिवा चालू होता, मी पाहिलाय.

पहिला धडा लावला. प्रोसेसर वीस टक्क्यांच्याही खाली. गुरुजींचं मधलं बोट शाईवर, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलावर, पडलं आणि त्याच क्षणी 'ति' वाजला, लगेच तर्जनीचा 'ट'. चिरंजीव काही बोलला नाही, तबला पुढे ओढला आणि बसला.

त्यावर तुम्ही गुरुजींनाच फोन केलात. ते सत्तरीचे, तुम्हीही तितकेच. वीस मिनिटं लावून त्यांच्या फोनच्या कॅमेऱ्याची सेटिंग एच.२६४ आणि १०८० वर आणलीत. आता धडे येतात तेच आमच्या मशीनला झेपतील असे. यूट्यूबचंही तेच दुखणं निघालं. तिथे व्हिडिओ व्हीपी९ या आणखी एका पद्धतीत यायचे, ती या चिपला येत नाही. ब्राउझरमध्ये तुम्ही यूट्यूबकडून एच.२६४ च मागवणारं एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन बसवून दिलंत, तेव्हापासून तेही सुरळीत आहे.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. नवीन मशीन घ्यायला सांगून मोकळं होणं सोपं होतं. तुम्ही आमच्या त्या जुन्या डब्यासमोर दोन संध्याकाळी बसलात आणि मुलालाही शेजारी खुर्ची घेऊन बसवलंत.

येत्या रविवारी सकाळी काकूंना घेऊन खाली या. 'तिट'चा कायदा दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, बसलाय, तुम्हालाच पहिल्यांदा ऐकवायचा म्हणतोय. आणि तुमचा पेनड्राइव्ह अजून आमच्या टीव्हीच्या कपाटावरच आहे, तोही घेऊन जा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची