आठ वारांचा किल्ट

एडिनबरा, रविवार

ती. आई-बाबा आणि ती. आजीस सा. न.

आई, फोटो बघून तू लगेच विचारलंस की कुणाचं लग्न होतं का, तर लग्नबिग्न काही नव्हतं, साधा मंगळवार होता आणि मी किल्ट, म्हणजे इथल्या स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख, घालून ऑफिसला गेलो होतो. फोनवर बाबांचं थंडी वाजत नाही का आणि तुझं लोक काय म्हणतील यातच वेळ जातो म्हणून हे सगळं लिहून पाठवतोय.

किल्ट चॅरिटी शॉपमध्ये मिळाला, वापरलेला आहे पण लोकर अजून घट्ट आहे. ब्लॅक वॉच टार्टन, म्हणजे गडद निळ्या-हिरव्या-काळ्या चौकटी. इथे बऱ्याच घराण्यांचं आपापलं टार्टन असतं, दुसऱ्याच्या घराण्याचं आपण कसं घालायचं असं मला वाटत होतं, पण दुकानातल्या बाई म्हणाल्या हे मूळ पलटणीचं आहे, कुणीही घालतं, मग घेतला. आणि आजी, ऐक, पुऱ्या किल्टला आठ वार कापड लागतं! तुझ्या लुगड्यापेक्षा एकच वार कमी. पन्हा निम्मा असतो ते खरं, पण मागच्या सगळ्या निऱ्याच, शिवून पक्क्या केलेल्या, आणि त्या अशा धरल्यात की मिटलेल्या असतानाही चौकटी सलग दिसतात, एक रेघ तुटत नाही. मी पलंगावर पसरून कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

सकाळी आधी पँटसारखा कमरेखाली बांधला तर गुडघ्याच्या खाली लोंबायला लागला. तो बेंबीपाशी बांधायचा, बाजूचे चामड्याचे पट्टे आवळायचे, म्हणजे काठ बरोबर गुडघ्याच्या वाटीवर येतो. वर रोजचा स्वेटर, खाली जाड लोकरी मोजे आणि बूट. खिसा नसतो म्हणून समोर स्पोरन, चामड्याची पिशवी, त्यात फोन आणि किल्ल्या.

दार उघडताना छातीत धडधडत होतं, खरंच सांगतो. पण लीथ वॉकच्या रस्त्यावर कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. थंडी फक्त गुडघ्यांना लागते बाबा, मागे निऱ्यांचे थरावर थर असतात त्यामुळे छान ऊब राहते, आणि कापड इतकं जड की वाऱ्याने सहज उडत नाही.

बसमध्ये एक आजोबा शेजारी होते, त्यांनी हळूच दोन गोष्टी सांगितल्या. किल्टचे दोन पदर पुढे एकावर एक येतात, तर पिन फक्त वरच्या पदराला लावायची, मी दोन्ही पदरांतून घातली होती, तशी लावली की ताण येऊन कापड फाटतं. आणि बसताना मागून हात फिरवून निऱ्या सपाट करायच्या मग टेकायचं. त्यांनी हात कसा फिरवायचा ते करून दाखवलं आणि मला एकदम आपले आजोबा दिसले, वाईच्या बाजाराला जाताना सोगा हातात धरून एसटीत चढायचे ते. डोळ्यांत पाणी आलं.

बसमधले आजोबा म्हणाले आता लोक लग्नाला, पदवीदानाला, रग्बीच्या मॅचला घालतात, रोजचा घालणारे कमी. १७४६ मध्ये ब्रिटिश सरकारने कायदाच केला होता, स्कॉटलंडमध्ये पुरुषांनी किल्ट घातला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. तो उठला १७८२ ला. तोपर्यंत एक पिढी त्याच्याशिवाय वाढली. आपल्याकडे तर धोतरावर कुणी बंदी घातली नव्हती, तरी आजोबांनंतर घरात ते फक्त सत्यनारायणालाच निघतं.

बाबा, आजोबांची धोतरं ट्रंकेत असतील तर जरा उन्हात टाका. डिसेंबरमध्ये येतोय. मला शिवलेलं तयार धोतर नको, आजोबांसारखा काचा मारायला शिकायचंय, आणि ते आजीच नीट सांगेल. मग ते नेसून बाजाराला जायचंय, एसटीनेच.

आजीच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा.

तुमचा,
धाकटा