थांबा रेषेवरचे सहा सेकंद

महोदय,

सिग्नल नसलेल्या चौकात अपघात झाला की 'चालकाने घाई केली' एवढ्यावर चर्चा संपते. ही घाई नेमकी कशी घडते, याचा विचार क्वचितच होतो, म्हणून हे पत्र.

जोडरस्त्यावरून येणारा चालक 'थांबा' फलकापाशी थांबतो, तेव्हा मुख्य रस्त्यावरच्या कोणत्या दोन वाहनांमधून आपली गाडी काढायची आणि कोणती संधी सोडायची, हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागते. वाहतूक अभियंते या मोकळ्या अवकाशाला 'गॅप' म्हणतात आणि तो सेकंदांत मोजतात. चालक ज्याहून लहान गॅप घेत नाही, तो 'क्रिटिकल गॅप'. हा प्रत्यक्ष दिसत नाही. चालकाने कोणते गॅप सोडले आणि अखेर कोणता घेतला, एवढीच नोंद हाती असते आणि तीवरून अंदाज बांधावा लागतो. वाहतूक अभ्यासक रॅफ यांची क्रिटिकल गॅप काढण्याची १९५० मधील पद्धतही अशाच नोंदींवर उभी आहे.

अमेरिकेच्या 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल' या रस्त्यांची क्षमता ठरवण्याच्या मार्गदर्शिकेत जोडरस्त्यावरून सरळ पलीकडे जाणाऱ्या वाहनासाठी क्रिटिकल गॅपची मूळ किंमत ६.५ सेकंद धरलेली आहे. मात्र हा आकडा प्रामुख्याने मोटारींच्या आणि लेन पाळणाऱ्या वाहतुकीतून आलेला आहे. दुचाकी, तीनचाकी, मोटारी, बस आणि ट्रक जिथे एकाच रस्त्यावर लेनविना चालतात, तिथे तो जसाच्या तसा वापरणे मला चुकीचे वाटते. दुचाकीस्वार थांबलेल्या गाड्यांच्या कडेने रेषेच्याही पुढे जाऊन उभा राहतो, मोटारीला अपुरा पडणारा गॅप त्याला पुरतो, आणि कधी त्याच्या आडोशाने मागची मोटारही निघते. याहून गंभीर बाब अशी की, अनेकदा मुख्य रस्त्यावरच्या चालकाला ब्रेक दाबायला लावूनच वाट काढली जाते. असा बळजबरीने घेतलेला गॅप आणि सहज मिळालेला गॅप मोजणीत एकाच रकान्यात गेले, तर क्रिटिकल गॅप प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो, चौकाची क्षमता, म्हणजे तिथून ठरावीक वेळात किती वाहने निघू शकतात तो आकडा, फुगते, आणि जो चौक मुळात धोकादायक आहे तो कागदावर उत्तम ठरतो.

डोळ्यांची मर्यादाही आहेच. ६.५ सेकंदांत ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे ७२ मीटर येते, ६० वेगाचे १०८ आणि ८० वेगाचे १४४ मीटर. आपल्याला अंतराचा अंदाज बऱ्यापैकी येतो, समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा फारसा येत नाही. त्यामुळे शंभर मीटरवरचे वाहन दिसले की ते संथ आहे की भरधाव, याचा पुरेसा हिशेब न होता निर्णय होऊन जातो. त्यातच आकाराने लहान वाहन उशिरा पोहोचेल असे वाटते, आणि याचा फटका दुचाकीस्वारांना बसतो. शिवाय ताटकळणे जितके लांबते तितका लहान गॅप चालकाला पुरेसा वाटू लागतो. मागून हॉर्न वाजू लागल्यावर माझाही पाय क्लचवरून उचलला जाऊ पाहतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

म्हणून रस्ते विभागांना माझी विनंती आहे की, 'थांबा' फलक उभारण्यापूर्वी त्या चौकाचे गर्दीच्या वेळी चित्रीकरण करून वाहनप्रकारानुसार गॅप मोजावेत, आणि मुख्य रस्त्यावर ब्रेक लावावा लागलेले प्रसंग वेगळे नोंदवावेत. जोडरस्त्याच्या तोंडाशी उभी राहणारी वाहने, जाहिरातफलक आणि झुडपे हटवल्याविना तिथे थांबूनही काही दिसत नाही. मुख्य रस्त्यावरचा वेग चौकाआधीच उतरवला पाहिजे, कारण तेवढ्याच अंतरात चालकाला अधिक सेकंद मिळतात. आणि पुरेसे गॅप मिळतच नाहीत असे मोजणीतून दिसले, तर तिथे केवळ फलकावर न भागवता गोल वाहतूक बेट किंवा सिग्नल यांचाच विचार व्हावा.

आपला,
एक नियमित वाचक व वाहनचालक