वाचक मंडळाची सूचना : जॉन मॅकगॅहर्न यांच्यावरील चर्चा

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारची बैठक आयरिश कादंबरीकार जॉन मॅकगॅहर्न (१९३४–२००६) यांच्यावर होईल. १९६५ साली आलेल्या त्यांच्या 'द डार्क' या कादंबरीवर आयर्लंडमध्ये बंदी आली आणि डब्लिनमधील शिक्षकाची नोकरीही गेली. तरी जाहीर वाद न घालता ते लिहीत राहिले व पुढे लेट्रिम परगण्यात तळ्याकाठी शेती करून राहिले. चर्चेसाठी 'अमंग्स्ट विमेन' (१९९०) वाचून यावे. त्यातील मोरन हा जुना स्वातंत्र्यसैनिक रोज रात्री साऱ्या घराला गुडघे टेकायला लावून जपमाळ म्हणवून घेतो. ते प्रसंग कृपया सावकाश वाचावेत, कारण धाक आणि माया इतकी एकजीव झालेली क्वचितच वाचायला मिळते. प्रती ग्रंथपालांकडे मिळतील.