स्वल्पविराम कोणी द्यायचा?

महोदय,

गेल्या मंगळवारच्या अंकात कोथरूडच्या एका वाचकाचे पत्र आले होते. बायबल कोणीही वाचावे, पण अर्थ धर्मपंडितांनीच सांगावा. ज्याने त्याने अर्थ लावल्यामुळेच ख्रिस्ती लोकांत इतके पंथ झाले, असा त्यांचा सूर होता. पत्र सभ्य होते. मी रागाने नव्हे, सवयीने लिहितो आहे. चौतीस वर्षे पुण्याच्या छापखान्यांत मुद्रिते तपासली. ठाम विधान दिसले की माझी पेन्सिल आपोआप समासाकडे वळते.

आधी आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत, त्यांपैकी लूकच्या तेविसाव्या अध्यायात वधस्तंभावरचा येशू शेजारच्या अपराध्याला म्हणतो, ‘मी तुला खचित सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ मूळ ग्रीक वाक्यात ‘आज’ हा शब्द बरोबर मधोमध येतो. जुन्या हस्तलिखितांत स्वल्पविराम नाही, दोन शब्दांत जागाही नाही. मोडीचा कागद पाहिलेल्याला याचे नवल वाटायचे नाही. मग ‘आज’ कुठे जोडायचा? ‘आज सांगतो’ की ‘आज असशील’? एका स्वल्पविरामावर मेल्यानंतर माणसाचे काय होते याची अख्खी शिकवण हलते. मी माझ्यापुरता निकाल कसा लावला, तर शुभवर्तमानांत ‘मी तुला खचित सांगतो’ जिथे जिथे येते तिथे पेन्सिलीने खूण करत गेलो. इतर कुठेही त्याला ‘आज’ चिकटलेला सापडला नाही. म्हणजे छापलेला स्वल्पविराम बरोबर. पंडितांचे मतही बहुतेक तेच आहे, हे नंतर कळले. पण ते मी पेन्सिलीने गाठले याचा आनंद वेगळा होता, खोटे कशाला बोलू!

आपण ज्या ओव्यांचे क्रमांक घडाघडा म्हणतो, तेही मूळ लेखकांचे नव्हेत. नव्या कराराचे आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. प्रवासात घोड्यावर असताना त्याने हे काम केले, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. काही ठिकाणचे तुकडे पाहिले की घोडा ठेचकाळला असावा असे वाटते. आणि १६३१ साली लंडनला राजाच्या मुद्रकाने दहा आज्ञांपैकी एकीतला नकारच गाळला, ‘व्यभिचार कर’ असे छापून मोकळा झाला आणि ३०० पौंडांचा दंड ओढवून बसला. तेव्हा ज्यांनी ती प्रत नुसती ऐकली नाही, डोळ्यांनी वाचली, त्यांनीच ती चूक पकडली असणार ना?

आता आजीची गोष्ट. माझ्या आईची आई १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला मुक्ती मिशनमध्ये आली, तेव्हा ती आठेक वर्षांची होती. अक्षरओळख नव्हती. तिथेच मराठी शिकली आणि पुढे तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवू लागली. पंडिता रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर मुक्तीच्या बायकांनी छापले, त्या बायकांत ती एक. रमाबाई मुळात संस्कृतच्या पंडिता, पण या कामासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीची मराठी भाषांतरे संस्कृत शब्दांनी जड झालेली, खेड्यातल्या बाईला ती पेलत नाहीत, म्हणून त्यांनी हे ओझे उचलले आणि ५ एप्रिल १९२२ ला जाण्याआधी काम हातावेगळे केले. आजी म्हणायची, ‘अवघड शब्द आला की आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो. बाईंना तेवढं पुरायचं.’

याच रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊन बसल्या होत्या आणि तिथल्या धर्मभगिनींना पत्रांतून प्रश्न विचारून भंडावत होत्या. मला शास्त्रात जे दिसत नाही ते केवळ तुम्ही सांगता म्हणून मानणार नाही. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता दुसरे घेणार नाही, असा त्या पत्रांचा भावार्थ. कोथरूडच्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी हा पत्रव्यवहार जरूर पाहावा. पंडित असूनही ज्या बाईने पंडितांवर भिस्त ठेवली नाही, ती आपल्या पुण्यापासून रेल्वेने तासा-दीड तासावर राहत होती.

मी राहतो त्या गुरुवार पेठेला हा वाद नवा नाही. १८९० साली इथल्याच पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक, रानडे वगैरे मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, झाले. चहा निमित्त, शास्त्रात काय आहे हे सांगायचा अधिकार कोणाचा, हा खरा मुद्दा.

आता ज्याने त्याने अर्थ लावण्यात धोका नाही का? आहे. मीच त्याचा पुरावा.

१९९६ साली माझ्या भाचीने एका हिंदू मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न ठरवले. बहीण रडत माझ्याकडे आली. थोरला मामा या नात्याने मी तिला पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा सहावा अध्याय, चौदावी ओवी ऐकवली: ‘विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर संबंध जोडून विजोड होऊ नका.’ भाची एवढेच म्हणाली, ‘मामा, पुढचं मागचं पण वाचा ना.’ मी वाचले नाही. लग्नालाही गेलो नाही.

आठ वर्षांनी एका पुस्तिकेची मुद्रिते माझ्याकडे आली, तिच्यात हेच वचन होते. उतारा तपासायचा तर मूळ उघडावे लागते. त्या दिवशी का कोण जाणे, मी अध्यायाच्या पहिल्या ओवीपासून सुरुवात केली. अध्याय संपला, तरी लग्न हा शब्द आला नाही. पौल बोलतोय मूर्ती, मंदिर, वेगळे राहणे यांबद्दल. ‘विजोड’ची उपमा नांगराची, बैल आणि गाढव एकत्र जुंपू नये या जुन्या नियमातली. लग्नाविषयी तो पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात बोलतो, आणि तिथे म्हणतो की बायको विश्वास ठेवणारी नसली तरी ती नांदायला राजी असेल तर नवऱ्याने तिला सोडू नये. त्याच अध्यायाच्या शेवटी विधवेला ‘प्रभूमध्ये’ लग्न करायला सांगितले आहे, हेही खरे. म्हणजे प्रश्न एका ओळीत मिटणारा नव्हता. मी तो एका ओळीत मिटवला होता, आणि ती ओळ मला कोणा पंडिताने नव्हे, वर्षानुवर्षांच्या ऐकीव सवयीने दिली होती. हडपसरला भाचीच्या घरी गेलो. तिने काही विचारले नाही, चहा टाकला. तिच्या नवऱ्यानेच उठून बिस्किटांचा डबा आणला.

तेव्हापासून बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे पाच-सहा जण जमतात. एक निवृत्त परिचारिका, एक रिक्षावाले, इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी, आणि वीस वर्षे बिगारी काम केलेल्या एक मावशी. समोर तीन प्रती असतात: बायबल सोसायटीची, कॅथलिकांची (तिच्यात पुस्तके ७३, आमच्या प्रोटेस्टंटांच्यात ६६) आणि रमाबाईंची. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी आपापल्या प्रतीत बोट ठेवायचे.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी सकाळपासून मजूर नेतो, संध्याकाळी पाचला आलेल्यालाही पुरा रोज देतो. पन्नास वर्षे प्रवचनांत ऐकत आलो की हा पाच वाजताचा मजूर म्हणजे उशिरा देवाकडे वळलेला पापी. मावशी म्हणाल्या, ‘पापी कशाला? वारज्याच्या अड्ड्यावर पाच वाजता कोन उरतं सांगू? म्हातारं, आजारी, न्हायतर लेकुरवाळी. धडधाकट सकाळीच उचलत्यात. तो सांगतोय की, आमाला कोनी कामाला लावलं न्हाई. आन् तरी घरी न जाता उभा ऱ्हायला ना?’ सातवी ओवी मी किती वेळा तपासली असेल! त्यातले ‘कोणी लावले नाही’ मला कधी ऐकू आले नव्हते. त्याच बैठकीत रिक्षावाले उत्साहात म्हणाले, म्हणजे सगळ्यांना सारखीच मजुरी द्यावी असा कायदाच सांगितलाय. परिचारिकाबाईंनी त्यांना पहिल्या ओवीवर परत आणले: ‘स्वर्गाचे राज्य अशासारखे आहे’ अशी सुरुवात आहे, ती उपमा सोडून चालायचे नाही. दोघांचे अर्धा तास वाजले. निकाल लागला नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा तोच अध्याय घेतला.

पंथांबद्दल एवढेच. १५२९ साली जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन धर्मसुधारक प्रभुभोजनावर, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणविधीवर, बोलायला बसले. ‘हे माझे शरीर आहे’ यातल्या ‘आहे’चा अर्थ काय, यावर बोलणी फिसकटली. ल्यूथरने तर ते वाक्य खडूने टेबलावरच लिहून ठेवले होते. दोघेही ग्रीक-लॅटिन कोळून प्यालेले. त्या खोलीत आमच्या मावशी नव्हत्या.

शिकलेल्यांची मदत नको असे मी म्हणत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय आठ: राणीचा हबशी खजिनदार रथात बसून यशया वाचत असतो. येशूचा संदेश सांगत फिरणारा फिलिप्प विचारतो, वाचता ते समजते का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार? आणि फिलिप्पाला शेजारी बसवून घेतो. मदत मागितली ती वाचणाऱ्याने, आणि ग्रंथ शेवटपर्यंत त्याच्याच मांडीवर राहिला.

जाता जाता आपल्या अंकाविषयी. परवाच्या सुविचारात ‘जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो’ हे वाक्य छापून खाली ‘बायबल’ असे दिले आहे. हे वाक्य बायबलमध्ये नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या आपल्या पंचांगवजा पुस्तिकेत ते छापले होते आणि त्याच्याही आधीपासून ते लोकांच्या तोंडी होते. शुद्धिपत्र छापावे. यापुढे बायबलचा सुविचार दिलात तर खाली पुस्तक, अध्याय आणि ओवी द्यावी, म्हणजे ज्याला पाहायचे त्याला उघडून पाहता येईल. माणूस कमी असेल तर मुद्रित माझ्याकडे पाठवा. बुधवार सोडून कधीही, पैसे नकोत.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
गुरुवार पेठ, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)