वाळूवरच्या तीन अंड्यांसाठी: वनमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय वनमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मी नदीकाठच्या पक्ष्यांचे फोटो काढतो. हौस म्हणून, पोटापाण्यासाठी नाही. आणि माझ्यासारख्यांवर बंधनं घाला, हे सांगायला आपल्याला लिहितोय.

गेल्या उन्हाळ्यात नदीपात्रातल्या एका वाळूच्या बेटावर नदी सुरयांची जोडी होती. नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही; का ते पुढे कळेल. काळी टोपी, पिवळीधम्मक चोच, दुभंगलेली लांब शेपटी. घरटं म्हणावं असं काही नसतंच. वाळूत बशीएवढा खळगा आणि त्यात तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. पहिल्या दिवशी अर्धा तास मी दुर्बिणीतून ती शोधत होतो आणि ती समोरच होती.

आठ दिवस मी काठावरूनच पाहिलं. नर पक्षी मासा आणून मादीच्या चोचीत द्यायचा. मग ती उठायची, तो बसायचा. ही अदलाबदल इतकी झटपट की अंड्यांवर ऊन जेमतेम पडायचं. दुपारी तर बसणंही नसे. पक्षी अंड्यांवर नुसता उभा, पंख सैल सोडलेले, चोच उघडी, सावली धरून. मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर टेकायचं. आपण ‘अंडी उबवणं’ म्हणतो, पण एप्रिलच्या वाळूवर दुपारचा सगळा खटाटोप ती गार ठेवण्याचा असतो.

नवव्या दिवशी मला हाव सुटली. चोचीत मासा असलेला फ्लाइट शॉट हवा होता. उथळ पाण्यातून बेटावर गेलो, पोटावर सरकत, अगदी शहाण्यासारखा. तरी पक्षी उठला. दोघंही ओरडत डोक्यावर झेपावायला लागले आणि मी शटर दाबत राहिलो. घरी येऊन फाइलींवरच्या वेळा पाहिल्या. अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याचा शेवटचा फोटो ११.४२चा, परत येऊन बसल्याचा पहिला १२.०५चा. मधली तेवीस मिनिटं अंडी उघड्या वाळूवर होती, आणि मी त्या मिनिटांना ‘काय मस्त ॲक्शन’ म्हणत होतो.

त्याहून मोठा गाढवपणा पुढचा. फोटो टाकला, खाली गावाचं नाव लिहिलं. रविवारी काठावर सात गाड्या होत्या आणि बेटावर एक ड्रोन घिरट्या घालत होता. एकानं मला विचारलंही, “पिल्लं कधी निघतील हो? तेव्हा परत येऊ.” चार दिवसांनी खळगा रिकामा होता. कावळा असेल, कुत्रं असेल. भोवतीचे ठसे मात्र बुटांचे होते.

महोदय, नवा कायदा करा असं माझं म्हणणं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये कलम २(१६) आहे. त्यात शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणं येतंच, पण त्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. बंदूकवाला शिकारी आम्हाला ओळखता येतो. सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊन पालथा पडलेला माणूस त्याच व्याख्येत बसू शकतो, हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. मलाही नंतरच कळलं. कायद्यातली ही ओळ नदीकाठापर्यंत पोचवणं आपल्या खात्याच्या हातात आहे.

ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव कायद्यानं काही पक्ष्यांची वेगळी यादी केली. आपल्या ओळखीचा छोटा खंड्या तिच्यात आहे, कंठेरी चिखल्यासारखा वाळू-गोट्यांत अंडी घालणारा पक्षीही आहे. त्यांच्या घरट्यापाशी जाऊन फोटो काढायचे तर आधी परवाना लागतो. फोटोग्राफी तिथे बंद पडलेली नाही.

आपल्याकडे इतकंच व्हावं: जिथे सुरय, टिटव्या, चिखले अंडी घालतात ती वाळूची बेटं मार्च ते जून माणसांसाठी बंद ठेवावीत. अभयारण्याबाहेरचीसुद्धा, कारण घरटी तिथेही असतात. काठावरून हवं तेवढं पाहू द्या. ड्रोन नकोच. आणि वन विभागाच्या स्वतःच्या छायाचित्र स्पर्धा असतील तर अंड्या-पिल्लांचे फोटो त्यात घेऊच नयेत. बक्षीस मिळत असेल तर माणूस रांगत जाणारच. मी बक्षीस नसताना गेलो.

धरणातून अवचित सोडलेलं पाणी एका रात्रीत अख्खं बेट धुऊन नेतं, वाळूउपसा तर बेटच शिल्लक ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे. फोटोग्राफरांनाच का धरता, असं माझे मित्र विचारतील. त्यांना मी एवढंच म्हणेन की पाणी सोडणाऱ्याला ते घरटं दिसत नसतं. आपल्याला लेन्समधून त्यातला एकेक ठिपका दिसतो.

गावाचं नाव मी काढून टाकलं आहे, फोटोही. आपल्या विभागाला बेटाचं ठिकाण आणि माझ्या सगळ्या नोंदी, त्या तेवीस मिनिटांसकट, बंद पाकिटात द्यायला तयार आहे. वाळू उघडी पडली की मार्चमध्ये सुरय उतरायला लागतील. आदेश फेब्रुवारीत निघाला तर काठावर पाटी लावायला वेळ मिळेल. पाटी रोवायला मी येईन.

आपला,
एक हौशी पक्षी-छायाचित्रकार