पाण्याआधी वाफ

बर्लिन, जानेवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. आई-बाबांना साष्टांग दंडवत, पोरांना गोड पापा.

भोगी झाली, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली असेल. म्हणजे मंगळवार बाजारात आत्ता लाल गाजरांचे ढीग, शेजारी बीट, मुळा आणि नवा बटाटा. इकडची सुपं आणि तोंडी लावणी आपल्या भाज्यांत बसतात का, असं तू विचारलं होतंस. चांगली बसतात, आणि निम्मं सामान तुझ्या पिशवीत आधीच असतं. एक गोष्ट मात्र आधी पक्की कर: कंदमुळांना पाण्याआधी वाफ द्यायची. सूप पांचट होतं ते बहुतेक वेळा इथेच चुकल्यामुळे.

भाजी चिरून सरळ पाण्यात टाकली आणि शिट्ट्या काढल्या तर ती मऊ होते, पण चव पाण्यात पसरते आणि कच्चट मातकट वास तसाच राहतो. त्याऐवजी जाड बुडाच्या पातेल्यात लोणी किंवा तूप, त्यात कांदा आणि मीठ, मग पातळ चिरलेली भाजी आणि वर पाणी घातलेलं ताट. आपण गवारीची भाजी ताटावर पाणी ठेवून शिजवतो, अगदी तेच. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं, ताट गार असल्यामुळे वाफेचे थेंब परत खाली पडतात आणि भाजी स्वतःच्या रसात शिजते. गाजराचा रंग पाण्यात नाही, स्निग्धात विरघळतो, म्हणून पंधरा मिनिटांनी झाकण काढलंस की तूपच केशरी झालेलं दिसेल. आच मंदच हवी. कांदा लाल झाला तर सुपाला भाजीच्या रश्श्याची चव येते. ती वाईट नाही, पण मग गाजर मागे पडतं.

सहा जणांच्या गाजर सुपाचं प्रमाण लिहून ठेव. सोललेली गाजरं ७५० ग्रॅम, कांदा २०० ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम, किसलेलं आलं १५ ग्रॅम, धुतलेले तांदूळ दोन मोठे चमचे, पाणी सव्वा लिटर, मीठ दोन सपाट लहान चमचे. गाजराच्या चकत्या अर्ध्या सेंटीमीटरच्या, सगळ्या सारख्या जाडीच्या. जाड गाजराच्या मधला पिवळट दांडा काढून टाक, तो शिजतो पण चोथा सोडतो. कांदा पाच मिनिटं, मग गाजर-आलं घालून ताटाखाली पंधरा मिनिटं, मग तांदूळ आणि उकळतं पाणी. गार पाणी ओतलंस तर सगळं थांबून पुन्हा तापायला वेळ जातो. वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळी. तांदूळ दाटपणासाठी आहे. फ्रान्समध्ये क्रेसी गावाच्या नावाने ओळखलं जाणारं गाजराचं सूप तांदळानेच दाट करतात. मैदा भाजून घालायची गरज नाही, क्रीमचीही नाही.

मिक्सरला लावताना सूप कोमट होऊ दे आणि भांडं अर्ध्याहून कमी भर. गरम सुपाची वाफ आत कोंडते आणि झाकण उडवते, हात भाजतो. नंतर गाळणीतून गाळून घे. लिंबू सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर, अर्ध्या लिंबापासून सुरुवात करून चाखत चाखत. आपलं लाल गाजर इकडच्या केशरी गाजरापेक्षा गोड असतं, त्यामुळे तुला लिंबू थोडं जास्तच लागेल. साखर मुळीच नको.

आंबट शेवटी घालण्याला दुसरंही कारण आहे. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात विरघळत नाही. बटाटा किंवा गाजर शिजायच्या आधी टोमॅटो, चिंच, लिंबू काहीही पडलं तर तुकडे तासाभरानेही कचकचीत राहतात. बोअरचं जड पाणीही असंच करतं, कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट धरतं. सुपाला नळाचं पाणी घे. आणि लवकर शिजावं म्हणून सोडा अजिबात घालू नकोस, भाजीचा गिचका होतो आणि साबणासारखी चव येते.

इथल्या बाजारात सुपासाठी एक जुडीच बांधून मिळते: एकदोन गाजरं, सेलरी-कंदाची फोड, लीकचा तुकडा आणि पार्स्लीची काडी. बटाट्याचं सूप तिच्याशिवाय होत नाही. सेलरीचा कंद तिकडे मिळणं कठीण, पण त्याचं काम काही अंशी कोथिंबिरीची मुळं आणि देठ करतात. मुळं माती जाईपर्यंत तीनदा धू, देठांसकट बारीक चिर. लीकच्या जागी कांद्याच्या पातीचा पांढरा भाग. ९०० ग्रॅम बटाटे, १५० ग्रॅम गाजर, २०० ग्रॅम कांदा, पातीचा पांढरा भाग १०० ग्रॅम, मूठभर कोथिंबिरीचे देठ-मुळं, तूप तीन चमचे, पाणी दीड लिटर, मीठ अडीच सपाट लहान चमचे. बटाट्याचे दोन सेंटीमीटरचे तुकडे करून लगेच पातेल्यात घाल, पाण्यात भिजत ठेवू नकोस. त्यांचा स्टार्च इथे हवा आहे, तोच सूप दाट करतो. वाफ दहा मिनिटं, पाणी घातल्यावर वीस.

बटाट्याचं सूप मिक्सरला कधीच लावायचं नाही. पातं फिरलं की बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला फुगलेला स्टार्च मोकळा होतो आणि पातेल्यात खळ तयार होते, चमच्याला तार येते. ती पुन्हा सुधारत नाही. डाळीची रवी घे आणि एकतृतीयांश बटाटे पातेल्यातच घोट, बाकीचे तुकडे राहू देत. नवा बटाटा आकार धरतो आणि दाटपणा कमी देतो. म्हणून पिठूळ जुना बटाटा मिळाला तर निम्मा-निम्मा घे. हिरवट पडलेला बटाटा मात्र साल काढूनही वापरू नकोस.

या सुपाचा जीव म्हणजे मरवा. हो, तोच, गजऱ्यात माळतात तो. इथे वाळवून डबीत विकतात आणि बटाट्याच्या सुपात घालतातच. फूलवाल्याकडचा घेऊ नकोस, त्यावर काय फवारलंय कळत नाही. आईच्या कुंडीतला घे, कोवळे शेंडे एक मोठा चमचाभर, उतरवायच्या दोन मिनिटं आधी. जास्त उकळला तर वास उडतो आणि कडसरपणा राहतो.

सुपावर इथे तुपात तळलेले पावाचे तुकडे घालतात. तू कडक भाकरी चुरून घाल, वाढतानाच. ज्वारीचा खरपूस वास बटाट्याला पावापेक्षा जास्त शोभतो. वर शेंगा चटणी अर्धा चमचा, थोड्या तेलात कालवून. गाजराच्या सुपावरही ती छान लागते, कारण गोडाला तिखट आणि लसूण हवाच असतो.

आता बीट. याचे नियम उलटे आहेत. बिटाचा लाल रंग पाण्यात विरघळतो आणि आंबटात टिकतो. आंबट नसताना बराच वेळ उकळलं तर सूप तपकिरी होतं. म्हणून बोर्श्तमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या बिटाच्या सुपात, बीट वेगळं शिजवतात आणि शेवटी एकत्र करतात. युक्रेनची बोर्श्त करण्याची परंपरा 2022 मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत आली. इथे बर्लिनमध्ये ते घरोघरी वेगवेगळं होतं, पण बीट वेगळं शिजवण्यावर चांगल्या करणाऱ्यांचं एकमत असतं.

मोठ्या पातेल्यात तेलावर १५० ग्रॅम कांदा आणि १५० ग्रॅम गाजर वाफेवर, मग ३०० ग्रॅम बटाटा आणि पावणेदोन लिटर पाणी. दहा मिनिटांनी २५० ग्रॅम उभा चिरलेला कोबी. त्याच वेळी शेजारच्या शेगडीवर कढईत दोन चमचे तेल, ४०० ग्रॅम जाड किसलेलं बीट, लगेच एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर, २०० ग्रॅम टोमॅटोचा रस, एक लहान चमचा साखर. झाकून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, दोनदा हलवून. चिंच घालू नकोस, तिचा तपकिरी रंग सगळं काळवंडतो. बटाटा सुरीला मऊ लागला की मगच कढईतलं बीट पातेल्यात, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, मीठ, पाच मिनिटं अगदी हलकी उकळी आणि बंद. बीट पडल्यावर खळखळून उकळलंस तर रंग हातचा गेला. शिजवलेला राजमा वाटीभर घातलास तर हेच रात्रीचं जेवण होतं. वाढताना वाटीत चमचाभर फेटलेला चक्का. पातेल्यात घालू नको, फाटेल. दुसऱ्या दिवशी हे जास्त चांगलं लागतं.

बिटाचा मातीसारखा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. तेही आंबटात मोडतं, म्हणून ज्यांना बीट आवडत नाही त्यांना बोर्श्त चालतं. बाबांना आधीच सांगून ठेव, बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लालसर होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कोशिंबिरीसाठी बीट उकडायचं तर साल काढू नकोस, शेपूट कापू नकोस आणि देठाचे दोन-तीन सेंटीमीटर ठेव. जखम झाली की रंग पाण्यात जातो. मुठीएवढं बीट कुकरमध्ये तीन शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा मिनिटं. गार झाल्यावर साल बोटांनी निघते.

तोंडी लावण्यात सगळ्यात सोपं म्हणजे झळाळी दिलेली गाजरं. बर्लिनजवळ टेल्टो म्हणून गाव आहे, तिथली बोटाएवढी सलगमं लोणी आणि साखरेत अशीच करतात. तुला सलगम मिळालं नाही तर गाजर किंवा नवलकोल घे. ५०० ग्रॅम, दीड सेंटीमीटर जाड तिरके तुकडे, पसरट कढईत एकाच थरात. पाणी १५० मिली, लोणी २५ ग्रॅम, साखर एक लहान चमचा, मीठ अर्धा. मध्यम आचेवर झाकण अर्धवट ठेवून दहा-बारा मिनिटं, मग झाकण काढून पाणी पूर्ण आटव. शेवटची दोन मिनिटं कढई हलवत राहा. लोणी आणि साखर भाजीला चिकटून चकाकते, आणि ती फुटून तूप वेगळं दिसायला लागलं तर पाणी जास्त आटलंय. एक चमचा पाणी शिंपड, परत जुळून येते. वर मिरपूड आणि लिंबाचे चार थेंब.

ओव्हनमध्ये भाजलेली भाजी इथे सगळ्यांच्या घरी होते आणि बहुतेकांची ओलसर होते. कारण एकच, ट्रेमध्ये गर्दी. तुकड्यांत बोटभर अंतर नसेल तर सुटलेली वाफ जायला जागा मिळत नाही आणि भाजी भाजण्याऐवजी उकडते. तुझ्या ओटीजीच्या ट्रेमध्ये एका वेळी ५०० ग्रॅमच मावेल, तेवढंच कर. ओव्हन आधी २२० अंशांवर दहा मिनिटं तापव. अडीच सेंटीमीटरचे तुकडे धुतल्यावर फडक्याने खरोखर कोरडे कर, एक मोठा चमचा तेल आणि मीठ चोळ, ३५ ते ४० मिनिटं, मध्ये एकदाच उलट. लसूण पहिल्यापासून घातला तर जळून कडू होतो, शेवटच्या दहा मिनिटांत घाल. बीट वेगळ्या ट्रेमध्ये, नाहीतर सगळंच लाल. फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा भाजायला घेऊ नकोस, थंडीत त्याच्या स्टार्चची साखर होते आणि आत शिजायच्या आधी बाहेर काळा पडतो.

रताळ्याला मात्र एवढी आच नको. ते हळूहळू तापलं तरच त्याच्या आतलं एन्झाइम स्टार्चची साखर करतं, कुकरमध्ये त्याला तेवढा वेळच मिळत नाही. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवरची पाहुणे मंडळी येतील तेव्हा उकडण्याऐवजी सालीसकट १७० अंशांवर सव्वा तास भाज, साखरेचा पाक लागणार नाही.

मुळ्याचं फारसं लिहीत नाही. कच्च्याचा तिखटपणा चिरल्यावर तयार होतो आणि आचेने जातो, म्हणून कोशिंबिरीसाठी किसून ठेवू नकोस, वाढायच्या वेळी किस.

इथल्या स्वीड नावाच्या पिवळ्या कंदाबद्दल आईने विचारलं होतं. 1916-17 च्या हिवाळ्यात, पहिल्या महायुद्धात, बटाट्याचं पीक गेलं आणि जर्मनीतल्या लोकांनी तो कंद खाऊन दिवस काढले. त्या हिवाळ्याला त्याचंच नाव पडलं आणि पुढे कित्येक घरांत तो शिजेना. आता परत मिळतो. त्याचंही सूप गाजरासारखंच, फक्त साल जाड काढायची आणि वाफ पाच मिनिटं जास्त.

गाजर-बीट घरी आलं की पाला लगेच काप, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढत राहतो. बिटाची पानं टाकू नकोस, पालकासारखी परतून होतात. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये गाजर दोन आठवडे टिकतं, तुमच्याकडचा उन्हाळा लागल्यावरसुद्धा. बटाटे टोपलीत अंधारात, कांद्यापासून लांब.

आधी गाजराचं कर. किती लिंबू लागलं आणि तांदूळ कोणता घेतलास ते कळव, जुना असेल तर पाणी थोडं वाढवावं लागेल. सुरण आणि अळकुड्यांचं पुढच्या पत्रात लिहिते, त्यांच्या खाजेचा विषय वेगळा आहे.

तुझी,
वन्सं