दिवसाचे तास प्रभूला द्यायला शिकवलंत, फादर

आदरणीय फादर,

जय ख्रिस्त. ‘सारं जीवन प्रभूच्या चरणी वाहा’ हे प्रवचनांतून आपण नेहमीच ऐकतो. ते वाहायचं कधी, कुठे बसून, किती मिनिटं, हे तुम्ही आमच्या वसईच्या प्रार्थना गटाला हाताला धरून शिकवलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून तुमची शिकवण थोडी सविस्तर लिहितो आहोत.

सकाळचं अर्पण, म्हणजे आजचा दिवस प्रभूला देण्याची छोटी प्रार्थना, तुम्ही उठल्या उठल्या, मोबाइल हातात घेण्याआधी करायला लावलंत. एक मिनिट पुरतं. 1844 साली फ्रान्समध्ये वाल्स इथे फादर गोत्रेले यांनी मिशनवर, म्हणजे दूरदेशी धर्मकार्याला, जायला उतावीळ झालेल्या तरुण येशूसंघीयांना (जेज्युइटांना) हेच सांगितलं होतं: तुमचा आजचा अभ्यास, आजची कामं, हेच देवाला द्या. अर्पणात प्रार्थना, काम, आनंद आणि दुःख अशी चारही येतात. आपण दुःख तेवढं चटकन देऊन मोकळे होतो, बाकीचं हातात धरून ठेवतो. म्हणून ‘माझं सर्व काही’ असं मोघम न म्हणता आजचं पहिलं काम, जिच्याशी बोलणं नकोसं वाटतं ती व्यक्ती आणि आज खर्च होणारे पैसे, या तिन्हींची नावं घ्यायची, हा तुमचा आग्रह अगदी योग्य होता.

रात्रीच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे: उपकार मानणं, स्वतःला ओळखण्याची कृपा मागणं, तासातासाने दिवस पाहणं, क्षमा मागणं आणि सुधारण्याचा निश्चय करणं. पंधरा मिनिटांचं काम. बिघडतं ते बहुधा पहिल्याच टप्प्यावर. आभार उरकून माणूस थेट चुकांकडे धावतो, मग ती प्रार्थना न राहता स्वतःवर भरलेला खटला होतो आणि काही दिवसांत सुटतो. तुम्ही आभार नेमके मानायला लावलेत: गरम भाकरीचे, लोकलमध्ये मिळालेल्या जागेचे, शेजारणीने केलेल्या विचारपुशीचे. दुसरी अडचण झोपेची. बिछान्यात पडून केलेलं परीक्षण तिसऱ्या टप्प्यापुढे जात नाही. जेवणाआधी खुर्चीत ताठ बसून केलं की होतं.

सर्वांत जास्त फळ दिलं ते एकाच दोषावर लक्ष ठेवण्याच्या पद्धतीने. संत इग्नेशियस यांनी हीही बारकाईने आखून दिली आहे. सकाळी ठरवायचं: आज फक्त हा एक दोष. ‘राग’ असं लिहून भागत नाही. ‘सासूबाईंना तोडून बोलणं’ असं लिहावं लागतं. वहीत प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा. दुपारी डबा उघडण्याआधी सकाळपासूनच्या चुका आठवून पहिल्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे, रात्री दुसऱ्या रेघेवर. मग रेघेची रेघेशी, दिवसाची दिवसाशी, आठवड्याची आठवड्याशी तुलना. आणि चूक घडताक्षणी हात छातीला लावून मनात पश्चात्ताप करायचा. विरार लोकलच्या गर्दीतही हे कुणाच्या लक्षात येत नाही. ठिपके वाढले तर घाबरायचं नाही, आधी न दिसणारं आता दिसू लागलं असेल, हे तुमचं म्हणणं आम्हांला फार मोलाचं वाटतं. दोन-तीन दोष एकदम धरले की मात्र एकही सुटत नाही.

‘देवाच्या स्वाधीन केलं’ म्हणत औषध बंद करणं, कर्जाचा हप्ता थकवणं, मुलाच्या व्यसनाकडे डोळेझाक करणं, याला तुम्ही कधीही समर्पण म्हणू दिलं नाहीत. डॉक्टरकडे जायचं, बँकेत जाऊन बोलायचं, आणि निकाल आपल्याच मनासारखा लागावा हा हट्ट तेवढा प्रभूला द्यायचा.

प्रार्थना कोरडी पडते तेव्हा काय करायचं, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत, म्हणून कितीतरी जण टिकले. उदासीच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. प्रार्थनेची वेळ कमी करायची नाही, उलट दोन मिनिटं जास्तच बसायचं. आणि एकट्याने कुढत न राहता पापनिवेदनाला किंवा जाणत्या माणसाकडे जाऊन बोलायचं.

वह्यांचा नवा गठ्ठा मंगळवारच्या बैठकीत वाटणार आहोत. पहिल्या पानावर रेघा कशा आखायच्या ते तुम्ही फळ्यावर काढून दाखवलं होतं, तसंच काढून दिलं आहे. आमच्या रोझरीत तुमचं नाव रोज असतं.

तुमचे,
प्रार्थना गटातील आम्ही सारे, वसई